जर्मनीत लहान मूल वाढवताना: मराठी पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत मूल जन्माला आले किंवा लहान मूल घेऊन आपण भारतातून येथे आलो, की पहिल्या काही वर्षांत पडणारे प्रश्न बहुतेक कुटुंबांत सारखेच असतात. नवीन पालकांकडून सतत येत असलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कायद्याने बंधनकारक काय आणि केवळ इथली रीत काय, यांत गल्लत झाल्यामुळे पालकांची बरीच धांदल उडते. रीत मोडली तर फार तर शेजारीण भुवया उंचावते, पण नियमातली मुदत चुकली तर पैसे किंवा निवास परवाना हातचा जातो. म्हणून शक्य तेथे उत्तरात हा फरक सांगितला आहे. रकमा २०२५ सालच्या आहेत.

१. बाळंतपणानंतर मदतीला आई भारतातून येऊ शकली नाही तर घरी आल्यावर आमचे कसे निभावणार?

येथे प्रत्येक बाळंतिणीला हेबाम, म्हणजे प्रशिक्षित सुईण, घरी येऊन मदत करते आणि तिचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. पहिले १० दिवस ती रोज येऊ शकते आणि त्यानंतर बाळ १२ आठवड्यांचे होईपर्यंत गरजेप्रमाणे येते. ती कापडी झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करते, नाळ आणि बाळंतिणीचे टाके तपासते, अंगावर पाजताना बाळाला नीट कसे धरायचे हे दाखवते आणि आईची झोप-भूक कशी आहे याचीही चौकशी करते. ती स्वयंपाक किंवा धुणी-भांडी मात्र करत नाही. मोठ्या शहरांत हेबाम मिळणे कठीण असते, त्यामुळे गर्भारपण कळताच शोध सुरू करावा. सातव्या महिन्यात फोन करणाऱ्यांना बहुधा नकारच मिळतो.

घरकामासाठी दुसरे कोणीच नसेल आणि प्रकृतीमुळे आईला काम करणे शक्य नसेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विमा कंपनीकडे घरगुती मदतनिसाची मागणी करता येते. ही सोय फार थोड्या मराठी कुटुंबांना माहीत असते. वडिलांनी पहिल्या महिन्यात घरी राहण्याविषयी प्रश्न ८ पाहावा.

२. मालिश, धुरी, बाळगुटी, काजळ, गोधडी: यांतले येथे काय चालते आणि काय चालत नाही?

यांपैकी कशावरही कायद्याने बंदी नाही, पण डॉक्टरांचे आणि हेबामचे मत प्रत्येक गोष्टीबाबत वेगळे असते आणि ते ऐकण्यासारखे आहे. मालिशीला कोणाचीच हरकत नाही, उलट येथे बाळाच्या मालिशीचे वर्ग चालतात. नाका-कानांत तेल सोडणे आणि टाळूवर तेल थापून ती दाबणे तेवढे टाळावे. अंघोळ आठवड्यातून एक-दोनदा पुरे, असे येथे सांगतात. रोज कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ घातली म्हणून बिघडत काही नाही, फक्त त्वचा कोरडी पडते का याकडे लक्ष ठेवावे.

धुरीचा विषय मात्र सोडून द्यावा. जर्मनीच्या सर्व राज्यांत राहत्या घरांच्या झोपायच्या खोल्यांत धूर ओळखणारे यंत्र बसवणे सक्तीचे आहे. ओवा आणि बाळंतशोपांची धुरी बंद खोलीत दिली, की ते छतावरून किंचाळू लागते. यंत्र नसते तरी तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना धूर चांगला नाहीच.

बाळगुटीत खरा धोका असतो तो मधाचा. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हा सल्ला केवळ जर्मनीतला नाही, भारतातले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. आजीला ‘इथले डॉक्टर नको म्हणतात’ असे सांगण्यापेक्षा ‘आपल्याकडचे डॉक्टरही आता नको म्हणतात’ असे सांगितले, तर घरात शांतता राहते. डोळ्यांत काजळ घालू नये, कारण अनेक काजळांत शिसे आढळले आहे. दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला तीट लावली, तर तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

बाळाने पहिले वर्ष आई-वडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या पाळण्यात, पाठीवर आणि बिनबाह्यांच्या झोपायच्या पिशवीत झोपावे, असा येथील सल्ला आहे. सैल पांघरूण, उशी आणि गोधडी पाळण्यात नसावी, कारण झोपेत ती तोंडावर येऊ शकते. आजीने शिवून पाठवलेली गोधडी जमिनीवर अंथरावी. बाळ पालथे पडू लागले, की तिच्याइतके चांगले अंथरूण दुसरे नाही.

मनगट्या, काळे मणी आणि करगोटा घरात हौसेने घालावेत, पण पाळणाघरात ते उतरवावे लागतात. जर्मन आज्या दात येताना नातवंडांच्या गळ्यात पिवळ्या अंबर मण्यांची माळ घालतात आणि पाळणाघरात तीही उतरवायला सांगतात, तेव्हा हा नियम आपल्यालाच लावला जातो असे समजू नये.

३. आम्हाला बारसे बाराव्या दिवशी करायचे आहे. तोपर्यंत नाव गुप्त ठेवता येते का?

होय. जन्माची सूचना जन्मनोंदणी कार्यालयाला, म्हणजे स्टान्डेसाम्टला, एका आठवड्यात जावी लागते आणि ती बहुधा रुग्णालयच पाठवते. नाव मात्र एक महिन्याच्या आत कळवले तरी चालते, त्यामुळे बारसे करून मग नाव देण्यास पुरेसा वेळ असतो. अडचण इतकीच, की नाव दिल्याशिवाय जन्मदाखला निघत नाही आणि पुढची सर्व कामे त्याच्यावर अडून राहतात. रुग्णालयात सही घेण्यासाठी अर्ज समोर येईल, तेव्हा ‘नाव नंतर कळवू’ असे स्पष्ट सांगावे. नाहीतर घाईत लिहिलेले घरचे लाडाचे नाव कायमचे नोंदले जाते.

४. मुलाच्या नावात वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लावता येते का?

जर्मन पद्धतीत नाव आणि आडनाव एवढे दोनच रकाने असतात आणि मधल्या नावाला स्वतंत्र जागा नाही. वडिलांचे नाव लावायचे असेल, तर ते बाळाचे दुसरे नाव म्हणून पहिल्याच रकान्यात जाते. मुलाच्या बाबतीत हे सहसा निभावते, पण मुलीच्या नावात पुरुषाचे नाव पाहून काही कार्यालये हरकत घेतात. १ मे २०२५ पासून लागू झालेल्या नव्या नाव-कायद्याप्रमाणे नावाला राहत्या देशाचा कायदा लागतो, मात्र ज्या देशाचे नागरिकत्व आहे तेथील कायदा निवडण्याची घोषणा कार्यालयात करता येते. भारतीय रीतीप्रमाणे नाव हवे असेल, तर ही मुभा आपणहून विचारावी, कारण ती कोणी सुचवेलच असे नाही.

पालकांपैकी एकाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर ते जन्माआधीच दुरुस्त करून घ्यावे. स्पेलिंगकडेही एकदा जर्मन डोळ्यांनी पाहावे. ‘जय’ हे नाव इंग्रजी धाटणीने लिहिले, की येथील शिक्षिका ते ‘याय’ असे वाचते आणि ‘वेद’चा उच्चार सहज ‘फेद’ होतो. त्यासाठी नाव बदलावे असे मुळीच नाही. मात्र जे ठरेल ते जन्मनोंदीत आणि पासपोर्टात अक्षरशः एकसारखे असले पाहिजे.

५. आम्हाला जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा ‘उतारा’ दिला आणि त्यावर आमची ओळख सिद्ध झाली नसल्याचा शेरा आहे. आम्ही काही चुकीचे केले का?

नाही. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात (एकमेकांच्या सरकारी कागदांवरचा प्रमाणीकरणाचा शिक्का मान्य करणाऱ्या देशांच्या करारात) आहे, परंतु जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे भारतीय कागदांवरील अपोस्टिल येथे ग्राह्य धरले जात नाही. जर्मन वकिलातींनी भारतीय कागदांचे प्रमाणीकरणही थांबवलेले आहे. त्याऐवजी स्टान्डेसाम्ट वकिलातीमार्फत पालकांच्या जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांची भारतात प्रत्यक्ष पडताळणी करवून घेऊ शकते. तिला अनेक महिने लागतात आणि तिचा खर्च आपल्यावर येतो. तोवर बाळाचा जन्म अडवून ठेवता येत नाही, म्हणून शेऱ्यासह प्रमाणित उतारा दिला जातो.

हा उतारा कायद्याने जन्मदाखल्याइतकाच पुरावा आहे. किंडरगेल्ड (मुलामागे दरमहा मिळणारा सरकारी भत्ता), एल्टर्नगेल्ड (रजेत बुडणाऱ्या पगाराची भरपाई), विमा ही कामे त्यावर होतात. शेरा वाचून पहिल्यांदा अपमान झाल्यासारखे वाटते हे खरे, पण तो कार्यालयाचा ठरावीक मजकूर आहे आणि शेजारच्या भारतीय कुटुंबाच्या कागदावरही तोच असण्याची शक्यता आहे. पालकांचे मूळ जन्मदाखले आणि विवाह नोंदणीचा दाखला भारतातून गर्भारपणातच मागवून, शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतर करून ठेवले, तर निदान कार्यालयातील चकरा कमी होतात.

६. जन्मानंतर कागदपत्रे कोणत्या क्रमाने करावीत?

प्रथम जन्मनोंद, मग आरोग्य विमा, मग किंडरगेल्ड आणि एल्टर्नगेल्ड, त्यानंतर भारतीय पासपोर्ट आणि शेवटी निवास परवाना. सरकारी विमा असलेल्या पालकांच्या बाळाचा विमा कुटुंब-विम्यात वेगळा हप्ता न भरता होतो. बाळाचा करक्रमांक टपालाने आपोआप घरी येतो. त्या पत्राला जाहिरात समजून फेकू नये, कारण किंडरगेल्डसाठी तो लागतो.

बाळ भारतीय नागरिक असेल (हे आधी प्रश्न ७ वाचून ठरवावे), तर जन्माची नोंद भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात एका वर्षाच्या आत करावी लागते. बर्लिन येथे दूतावास आहे आणि म्युनिक, फ्रँकफर्ट व हॅम्बुर्ग येथे वाणिज्य दूतावास आहेत. आपले कार्यक्षेत्र राज्यावरून ठरते. निवास परवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाकडे जन्मापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पासपोर्ट हाती नसला तरी मुदतीत अर्ज करून ठेवावा.

‘तीन महिन्यांचे झाले की पुण्याला नेऊ’ म्हणून आधीच तिकीट काढून ठेवणारे पालक पुष्कळ असतात. पासपोर्ट आला आणि परवाना नसताना बाळ भारतात गेले, तर परतताना त्याला व्हिसा लागतो आणि आई-वडील विनाकारण मुंबईत अडकून पडतात. दोन्ही कागद हाती आल्यावरच तिकीट काढावे.

७. आमचे बाळ जर्मनीत जन्मले. ते भारतीय की जर्मन?

२७ जून २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी नियम असा आहे, की जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचे जर्मनीत किमान ५ वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य असेल आणि त्यांच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन नागरिक होते. त्याआधी ही अट ८ वर्षांची होती. हे नागरिकत्व मागावे लागत नाही आणि ‘नको’ म्हणता येत नाही. पालकांची माहिती तपासून स्टान्डेसाम्ट तशी नोंद करते. कायम परवान्याचे कार्ड बाळंतपणाच्या आधी हाती आले की नंतर, यावर बाळाचा देश ठरल्याची उदाहरणे भोवताली सापडतात.

भारत दोन देशांचे पासपोर्ट एकाच वेळी बाळगू देत नाही. वाणिज्य दूतावासात जन्मनोंद करताना बाळाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नसल्याचे पालकांना लिहून द्यावे लागते. त्यामुळे जर्मन ठरलेल्या बाळासाठी जर्मन पासपोर्ट काढून त्यावर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारे कार्ड) घेणे हाच सरळ मार्ग आहे, आणि आई-वडील दोघेही भारतीय नागरिक असले तरी अल्पवयीन मुलाला ते मिळते. ओसीआय येईपर्यंत भारतात जाण्यासाठी बाळाला भारताचा व्हिसा लागतो. आजोबांना ही गोष्ट फोनवर समजावणे हे या साऱ्या प्रक्रियेतले सर्वांत अवघड काम आहे.

८. सरकारकडून पैसे आणि नोकरीतून रजा किती मिळते?

किंडरगेल्ड २०२५ मध्ये दरमहा प्रत्येक मुलामागे २५५ युरो होते. नोकरीची मुभा देणाऱ्या परवान्यावर राहणाऱ्या भारतीयांनाही ते मिळते. मागील फक्त ६ महिन्यांचे पैसे मिळतात, म्हणून उशीर करू नये.

एल्टर्नगेल्ड म्हणजे मुलासाठी घरी राहिल्याने बुडणाऱ्या पगाराची अंशतः भरपाई. ती आधीच्या निव्वळ उत्पन्नाच्या साधारण ६५ ते ६७ टक्के, किमान ३०० आणि कमाल १८०० युरो दरमहा असते. दोघांनीही रजा घेतली तर एकूण १४ महिने मिळतात, एकाच पालकाला १२. मागील ३ महिन्यांपलीकडचे मिळत नाही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या जन्मांसाठी करपात्र उत्पन्न १,७५,००० युरोंहून अधिक असलेल्या जोडप्याला हे मिळत नाही. पहिल्या वर्षात दोघांनी एकाच वेळी एल्टर्नगेल्ड घेणे सर्वसाधारणपणे एका महिन्यापुरतेच शक्य आहे. वडिलांसाठी जन्माच्या वेळची वेगळी कायदेशीर पगारी रजा नाही, म्हणून बहुतेक बाबा तो एक महिना जन्मापासूनच घेतात.

आईला बाळंतपणाआधी ६ आणि नंतर ८ आठवडे संरक्षित रजा असते. त्यापुढची पालकत्व रजा प्रत्येक पालकाला मुलामागे ३ वर्षांपर्यंत घेता येते आणि ती मालकाला किमान ७ आठवडे आधी कळवावी लागते. २०२५ च्या मेपासूनच्या जन्मांसाठी ती ईमेलने कळवली तरी चालते. ‘साहेबांना काय वाटेल’ ही भीती आपण भारतातून सोबत आणलेली असते. हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

९. लसी भारतातल्या तक्त्याप्रमाणे द्याव्यात की इथल्या?

जेथे मूल राहते तेथील तक्ता पाळावा. भारतात जन्मल्याबरोबर बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि कावीळ ब यांची लस देतात. जर्मनीत निरोगी बाळाला जन्मतः लस नसते. रोटाव्हायरसचे थेंब सहाव्या आठवड्यापासून सुरू होतात. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, पोलिओ, हिब आणि कावीळ ब यांची एकत्रित लस दुसऱ्या, चौथ्या आणि अकराव्या महिन्यात देतात, तर गोवर-गालगुंड-रुबेला ११ आणि १५ महिन्यांच्या सुमारास. बीसीजीची शिफारस येथे १९९८ मध्येच थांबली. भारतातून आलेल्या मुलाच्या दंडावरचा व्रण पाहून नवखे डॉक्टर ‘हे काय?’ असे विचारतात, तेव्हा भारतातले लसीकरण पत्रक दाखवावे. त्यातल्या नोंदी ते लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेत उतरवून घेतात.

लसी ऐच्छिक आहेत, अपवाद गोवराचा. १ मार्च २०२० पासूनच्या कायद्याने पाळणाघरात प्रवेशासाठी एक वर्षावरील मुलाला गोवराची एक आणि दोन वर्षांवरील मुलाला दोन लसी झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. भारतवारी जवळ असेल तर डॉक्टरांना दोन-तीन महिने आधी सांगावे. गोवराची लस नवव्या महिन्यापासूनही देता येते.

१०. ताप आला तरी डॉक्टर काहीच औषध देत नाहीत. आम्ही काय करावे?

ही इथली रीत आहे, हयगय नव्हे. विषाणूंमुळे आलेल्या तापात प्रतिजैविके उपयोगी नसतात, म्हणून तापाचे औषध, भरपूर पाणी आणि विश्रांती एवढाच सल्ला मिळतो. ३ महिन्यांखालील बाळाला ताप आला, मूल मलूल पडले, पाणी पीत नसेल किंवा श्वास जोरात चालत असेल, तर मात्र थांबू नये. दवाखाना बंद असताना ११६११७ वर फोन करावा आणि जीवावर बेतणारे असेल तर ११२ वर.

मूल आजारी असल्याने कामावर जाता येत नसेल, तर सरकारी विमा असलेल्या प्रत्येक पालकाला १२ वर्षांखालील मुलामागे वर्षाला १५ दिवसांची भरपाई मिळते, एकट्या पालकाला ३०. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. पहिल्या हिवाळ्यात पाळणाघरात जाणारे मूल सतत सर्दीने वाहत असते. म्हणून भरपाईचे दिवस सुरुवातीलाच संपवू नयेत.

११. पाळणाघराचा, म्हणजे कीटाचा, अर्ज कधी करावा?

गर्भारपणातच. १ ऑगस्ट २०१३ पासून पहिल्या वाढदिवसानंतर प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क असणे वेगळे आणि घराजवळ जागा मिळणे वेगळे. पद्धत शहरागणिक बदलते. म्युनिकमध्ये नगरपालिकेचे ऑनलाइन पोर्टल आहे, तर बर्लिन आणि हॅम्बुर्गमध्ये आधी गुटशाइन नावाची मंजुरी घेऊन मग कीटा शोधावी लागते. बर्लिनमध्ये शुल्क नाही, जेवणाचे पैसे भरावे लागतात. इतर अनेक ठिकाणी शुल्क उत्पन्नावर अवलंबून असते. तीन वर्षांखालील मुलासाठी घरी चार-पाच मुले सांभाळणाऱ्या परवानाधारक बाईकडे दिलेली जागाही हक्काची पूर्तता मानली जाते. ती नाकारण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष पाहून यावे, कारण लहानग्यांना छोटा गट बहुधा मानवतो.

अर्ज करून गप्प बसू नये. दर दोन-तीन महिन्यांनी छोटा, सभ्य ईमेल पाठवणाऱ्यांची आठवण राहते.

१२. कीटात पहिले दोन-तीन आठवडे आईने किंवा बाबांनी सोबत बसायचे असते म्हणे. एवढी रजा कोठून आणायची?

या रुळवण्याच्या काळाला आइनगेवोनुंग म्हणतात आणि बहुतेक कीटा ती अटच मानतात. सर्वांत प्रचलित बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस पालक मुलासोबत तासभर बसतो आणि चौथ्या दिवशी प्रथमच काही मिनिटे बाहेर जातो. मूल किती रडते आणि शिक्षिकेकडून शांत होते का, हे पाहून पुढचा वेळ ठरतो. कामावर परतण्याची तारीख कीटाच्या पहिल्या दिवसापासून किमान चार आठवडे पुढची ठेवावी. एकच पालक रोज जावा, अदलाबदल करू नये.

भारतात मुलाला शाळेच्या फाटकातून आत सोडून मागे न पाहता निघणे हीच रीत असते, त्यामुळे कोपऱ्यातल्या चिमुकल्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसणे बाबांना वेळखाऊ वाटते. तरीही मोबाइल खिशात ठेवावा, मुलाला बोलावू नये आणि हाकलूही नये. निघताना चोरून न जाता ‘येतो’ म्हणून जावे.

पहिल्या दिवशी न्यायच्या वस्तूंत बदलायचे कपडे, घरातले बंद चप्पल-मोजे आणि पावसाची विजार हवीच. ही रबरी विजार घालून मूल भर पावसात चिखलात बसते आणि शिक्षिका शेजारी उभी राहून पाहते. आईला ते पाहून सर्दीच आठवते, पण बाहेर खेळणे हा इथला रोजचा कार्यक्रम आहे आणि त्यातून सूट मागू नये.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. कीटातल्या जेवणाचे काय?

करारावर सही करतानाच लेखी कळवावे आणि ‘शाकाहारी’ एवढेच लिहून थांबू नये. येथील शाकाहारी जेवणात अंडे असतेच. मांस नाही पण मासे चालतात, असाही काहींचा समज असतो. वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या रबरी अस्वल-गोळ्यांत जिलेटिन असते आणि ते बहुतेकदा डुकरापासून केलेले असते. ‘मांस, मासे, जिलेटिन नाही. अंडे चालते (किंवा नाही). गोमांस कधीच नाही’ असे स्वतंत्र वाक्यांत लिहून द्यावे.

डबा न्यायचा असेल तर पराठा, थालीपीठ, इडली यांना कोणी हरकत घेत नाही. मात्र गोड पदार्थ आणि दाणे यांना बऱ्याच ठिकाणी मनाई असते, त्यामुळे दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी नेण्याआधी विचारावे.

१४. घरी मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे? जर्मन मागे तर पडणार नाही ना?

मराठीत बोलावे, आणि भरपूर बोलावे. जर्मन कीटातून आणि अंगणातून येतेच. आपल्या मोडक्या जर्मनचा मुलाला उपयोग नाही, उलट त्यात आपल्याला रागावता, लाडावता आणि गोष्ट सांगता येत नाही. याहून मोठी चूक म्हणजे ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घरात इंग्रजी सुरू करणे. इंग्रजी इथल्या शाळेत शिकवतातच. आजीशी बोलायला मात्र मराठीच लागते आणि ती शिकवायला आपल्याखेरीज येथे कोणी नाही. आई-वडिलांच्या मातृभाषा वेगळ्या असतील, तर ज्याने त्याने आपापली बोलावी.

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देऊ लागते. तेव्हा ‘मराठीत बोल’ असा हट्ट धरू नये आणि स्वतः जर्मनकडे वळूही नये. तेच उत्तर मराठीत सहज म्हणून पुढे बोलत राहावे. वाक्यात भाषांची सरमिसळ होणे हा दोष नाही. मात्र मूल कोणत्याच भाषेत वयाप्रमाणे बोलत नसेल, तर थांबू नये. बाळाच्या नियमित तपासण्या त्यांच्या वेगळ्या पिवळ्या पुस्तिकेत यू१ ते यू९ अशा नोंदलेल्या असतात. त्या वेळी डॉक्टरांना घरी कोणती भाषा चालते ते सांगावे, म्हणजे केवळ जर्मन शब्द मोजून निष्कर्ष निघणार नाही.

भारतातील घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. कीटातून आल्यावर आजीशी व्हिडिओवर गप्पा मारायला पाचची वेळ सोयीची पडते, पण उशीर केला तर तिकडे आजोबा झोपलेले असतात.

१५. मूल रात्री रडते, रविवारी धावते. शेजारी तक्रार करतील का?

करू शकतात, पण लहान मुलाचे रडणे-खेळणे हा येथील कायद्यानेही सोसण्याचा आवाज आहे. रविवारी भिंतीत खिळे ठोकणे मात्र टाळावे. जिन्यात बाबागाडी ठेवण्याआधी घरमालकाला विचारावे.

१६. आजी-आजोबांना किती दिवस आणता येते? कायमचे आणता येईल का?

पर्यटक म्हणून १८० दिवसांत ९० दिवस. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण असलेला प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. त्यांच्या खर्चाची हमी घेत असाल, तर परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र करून पाठवावे. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत, हे तिकीट काढताना मोजून पाहावे. आईचे आई-वडील गेल्यावर बाबांचे यावेत, अशी पाळी लावली तर सहा महिने घरात कोणी ना कोणी असते.

कायमचे आणण्याची एक वाट १ मार्च २०२४ पासून उघडली आहे, पण ती त्या तारखेला किंवा त्यानंतर प्रथमच कुशल कामगार म्हणून परवाना मिळालेल्यांसाठी आहे. उदरनिर्वाह आणि आरोग्य विमा सिद्ध करावा लागतो. वयस्कर व्यक्तीला सरकारी विमा सहसा मिळत नाही आणि खासगी फार महाग पडतो, त्यामुळे प्रकरण बहुधा तेथेच अडते.

१७. दोघांच्या नोकऱ्यांमुळे मुलाला वर्षभर भारतात आजीकडे ठेवले तर?

घरच्यांसाठी हा प्रेमाचा विषय आहे, पण परवान्याच्या दृष्टीने धोक्याचा. भारतीय पासपोर्टवरील मूल सलग ६ महिन्यांहून अधिक जर्मनीबाहेर राहिले तर त्याचा निवास परवाना आपोआप संपतो. निळे कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा युरोपीय निवास परवाना) असलेल्यांच्या कुटुंबीयांना ही मुदत १२ महिने आहे. मुक्काम लांबणार असेल तर आधीच परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्यावी. किंडरगेल्डसाठी मुलाचे घर येथे असणे आवश्यक असल्याने त्या कार्यालयालाही कळवावे, नाहीतर पैसे परत मागितले जातात. जर्मन नागरिक असलेल्या मुलाला परवान्याची चिंता नसते, पण बाकीचे त्यालाही लागू आहे. परतल्यावर रुळण्याचा काळ नव्याने सुरू होतो (प्रश्न १२).

१८. एकटी आई मुलाला घेऊन भारतात जाऊ शकते का?

जाऊ शकते. पण दोघांकडे पालकत्व असेल तर वडिलांचे स्वाक्षरी केलेले संमतीपत्र, त्यांच्या पासपोर्टची प्रत आणि बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवावा. आई आणि मुलाचे आडनाव वेगळे असेल तर हे विसरूच नये.

१९. शाळा सुरू झाल्यावर दिवाळीला किंवा घरच्या लग्नाला जाता येईल का?

साधारण सहाव्या वर्षी शाळा सुरू होते आणि तेव्हापासून हजेरी सक्तीची असते. घरी शिकवण्याचा पर्याय नाही. नेमक्या कोणत्या तारखेपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावीत हे राज्यावर अवलंबून असते: बर्लिनमध्ये ३० सप्टेंबर, तर बव्हेरियात जुलै ते सप्टेंबरमध्ये सहा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलांबाबत निर्णय पालकांकडे असतो.

सख्ख्या काकाचे लग्न किंवा दिवाळीचा दिवस यांसाठी मुख्याध्यापकांकडे आधी लेखी अर्ज केला, तर एक-दोन दिवसांची रजा बऱ्याचदा मिळते. सुट्टीला जोडून स्वस्त तिकिटासाठी चार दिवस आधी निघणे मात्र रजेचे कारण मानले जात नाही आणि खोटे आजारपण सांगून गेल्यास दंड होऊ शकतो. बव्हेरियातील विमानतळांवर सुट्टीच्या तोंडावर पोलीस शाळकरी मुलांच्या कुटुंबांना थांबवून विचारतात, ही दंतकथा नाही. भारतवारीचे नियोजन राज्याच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक पाहून करावे. ते काही वर्षे आधीच जाहीर होते.